हयातीचा दाखला आणि दीडची बस : सत्तरीतल्या एका वाड्याचं प्रकरण

गेल्या वर्षी जूनमध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका आजींचं पेन्शन बंद पडल्याचं घरच्यांच्या लक्षात आलं. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २००० रुपये. ते पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात घरातून वाळपईला, तालुक्याच्या गावी, चार फेऱ्या झाल्या, सुनेचे चार रोज बुडाले आणि त्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, उसन्या पैशांवर पार पडली. या सगळ्यात कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी उद्धटपणे बोललं नाही. ज्याने त्याने आपल्या टेबलावरचं काम केलं. तरी काम झालं नाही, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून ठेवावंसं वाटलं.

मी वाळपईत राहते. सरकारी मराठी प्राथमिक शाळांत शिकवण्यात आयुष्य गेलं. आता आम्ही चार निवृत्त बायका लोकांचे अर्ज भरून देतो, कुणाबरोबर जावं लागलं तर जातो. आजींना विचारूनच लिहिते आहे. त्यांचं नाव, गाव आणि बँक मुद्दाम दिलेली नाही.

गावात काय आहे

वाळपई हे सत्तरी तालुक्याचं ठाणं. गोव्यातल्या तेरा नगरपालिकांपैकी एक, ‘क’ वर्गातली, म्हणजे लहान. भोवती बारा पंचायती आणि त्यांचे लांबलांब पसरलेले वाडे, म्हणजे छोट्या वस्त्या. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास होती. पलीकडे म्हादई अभयारण्याचं रान, वर चोर्ला घाट. माणसं कमी आणि अंतरं जास्त, असा हा मुलूख आहे.

सोयींची यादी करायला बसलं तर वाळपईत बरंच सापडतं. सामाजिक आरोग्य केंद्र आहे, मामलेदार कचेरी आहे, निबंधक कचेरी, पोलीस ठाणं, अग्निशमन दल, पोस्ट, बँका, शाळा, उच्च माध्यमिक, बाजार, बसस्थानक. १०८ ची रुग्णवाहिका गोव्यात २००८ पासून धावते आहे आणि जीव वाचवण्यात तिचा वाटा मोठा आहे. योजनाही आहेत : आजींना दयानंद योजनेचे पैसे, सुनेला गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे १५०० रुपये, रेशनवर दर माणशी पाच किलो धान्य फुकट, आजारपणासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड. एवढी छत्री डोक्यावर असलेली लहान गावं देशात फार नसतील, असं मला मनापासून वाटतं.

आजींचा वाडा वाळपईहून सोळा किलोमीटरवर. घरं एकोणीस. पोफळीचं कुळागर (बागायत), थोडी काजूची झाडं, मध्ये व्हाळ, म्हणजे ओढा. व्हाळावरचा साकव, म्हणजे लहान पूल, पावसात पाण्याखाली जातो. २३ जुलै २०२१ च्या पुरात म्हादई नदीने सत्तरीतली घरं पाडली, तेव्हा या साकवाचा एक कठडा वाहून गेला. आजींचा मुलगा होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. सून लोकांच्या कुळागरांत रोजावर जाते, नात वाळपईला अकरावीत.

तिठ्यावर दिवसातून तीनदा बस येते. सकाळची पावणेआठला सुटून नऊच्या आत वाळपईला पोचते. परतीची पहिली दीडला, त्यानंतर थेट सव्वापाचला. हे आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढच्या सगळ्या प्रकरणाचा काटा त्यांच्यावरच फिरतो.

पहिली फेरी

एप्रिलपासून पैसे आले नव्हते. घरच्यांना वाटलं, पासबुक भरून घेतलेलं नाही म्हणून दिसत नसतील. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सून एकटीच बँकेत गेली. पासबुक छापून आलं, त्यात मार्चनंतर काही नाही. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, “हयातीचा दाखला आलेला नाही. आजींना घेऊन या.” आणि एक कागद हातात दिला.

योजनेचा लाभ घेणाऱ्याने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. नियम रास्त आहे, त्याविना मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे जात राहतील. आदल्या वर्षीपर्यंत तो दाखला आजींचे दीर पंचायतीत जाऊन करून आणायचे, स्वतःचा आणि आजींचा एकदमच. दीर माघ महिन्यात वारले. त्यांच्याबरोबर ही आठवणही गेली. वाड्यावर कुठे लिहून ठेवलेली नव्हती.

दिलेला कागद इंग्रजीत होता. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीलाही जागा राहिली. आजी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकल्या आहेत, हरिविजय वाचतात, सप्ताहात अभंग म्हणतात. त्यांच्या हातातला कागद मात्र त्यांच्या दोन्ही भाषांत नव्हता. सुनेने तो घडी घालून पासबुकात ठेवला.

दुसरी फेरी, आणि आमची गाठ

पावसाने जोर धरला होता. साकवावर पाणी चढल्यामुळे आठवडाभर निघता आलं नाही. नंतर एके दिवशी दोघी सकाळच्या बसने आल्या. आधी आरोग्य केंद्रात जाऊन आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, कारण बाह्यरुग्ण विभाग सकाळीच असतो आणि गोळ्या संपल्या होत्या. हे काम सुरळीत झालं, गोळ्या फुकट मिळाल्या. त्यात साडेअकरा वाजले. मग झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरून घेतला आणि दोघी बँकेत रांगेला लागल्या.

नंबर आला तेव्हा सव्वा वाजला होता. अर्ज ठीक होता. पण संगणकावर खातं उघडल्यावर दुसरीच गोष्ट निघाली : खात्याची केवायसी मुदत संपलेली, त्यामुळे खात्यातून व्यवहार बंद. दर काही वर्षांनी बँकेला ग्राहकाची ओळख पुन्हा तपासावी लागते, कमी जोखमीच्या खात्यांसाठी दहा वर्षांनी. आजींचं खातं तेवढं जुनं होतं. आधार कार्ड पुढे केलं तर त्यावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव वेगळं.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात आणि त्या क्षणापासून सासरी तेच नाव चालतं. आजींचं खातं उघडलं तेव्हा कुणीतरी माहेरचं नाव घातलं होतं, कारण जन्माच्या दाखल्यावर तेच होतं. आधार काढताना मतदार कार्डावरचं सासरचं नाव गेलं. दोन्ही नावं खरी, दोन्ही त्यांचीच. माझ्या पिढीतल्या आणि माझ्याआधीच्या किती बायकांची अशी दोन-दोन नावं असतील! या एका गोष्टीपायी अडलेले अर्ज आम्ही इतके पाहिले आहेत की आता नाव विचारताना आम्ही दोन्ही विचारतो.

“आधार दुरुस्त करून आणा,” बँकेत सांगितलं गेलं. दोघी बाहेर पडल्या तेव्हा दोनला दहा कमी होते. दीडची बस गेली होती.

मी बाजारातून येताना बसस्थानकावर ही सून दिसली. माझी विद्यार्थिनी. “बाई,” म्हणून तिने हाक मारली आणि पुढे काही बोलली नाही. आजी बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, लुगड्याचा काठ भिजलेला, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. सकाळी चहा-पाव खाऊन निघालेल्या, त्यानंतर पोटात काही नाही. गाड्यावरून भाजी-पाव आणून दिला तर म्हणाल्या, “सुनेला दे आधी, ती पहाटेपासून उभी आहे.” सव्वापाचपर्यंत आम्ही तिथेच बसलो. पिशवीतला एकेक कागद काढून बघितला आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की अडथळा एक नसून दोन आहेत. दाखला नसल्यामुळे पैसे यायचे थांबले होते आणि केवायसी नसल्यामुळे खातं थांबलं होतं. घरच्यांच्या मनात हे एकच काम होतं, त्यामुळे दाखला दिला की पैसे येतील असं त्या धरून चालल्या होत्या.

बोटं

तिसरी फेरी आधार केंद्रावर. त्या दिवशी मी बरोबर नव्हते, जे झालं ते सुनेने सांगितलं.

यंत्राने आजींची बोटं घेतली नाहीत. उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, एकेक करून सगळी झाली. तिथल्या मुलाने ओल्या फडक्याने बोटं पुसली, काच पुसली, हळूच वरून दाबलं. नाही. मी नंतर आजींचे हात हातात घेऊन पाहिले. चाळीस वर्षं काजूच्या बिया गोळा केल्या, भाजल्या, फोडल्या. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. वर पावसाळाभर सुपारी सोलायची. अंगठ्याच्या पेरावर रेषा अशा राहिलेल्याच नाहीत. तळव्याला मध्ये बारीक चिरा आहेत आणि टोकं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. त्या हातांनी सरकारी काचेवर काय उमटणार?

डोळ्यांची बुबुळं मात्र यंत्राने घेतली. मुलगा समजूतदार होता, त्याने दम धरून ते काम केलं. पण नाव बदलायला पुरावा हवा आणि तो जवळ नव्हता. आधीची एखादी नोंद ऑनलाइन सापडते का, असं त्याने पाहिलं, तर ओटीपी गेला आजींच्या मुलाच्या नंबरवर. मुलगा होंड्याला कामावर, कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, तो फोन कपाटात वाजून गप्प झाला. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. मुलगा संध्याकाळी सहाला सुटतो. नंबर मुलाचा देण्याला कारण होतं : वाड्यावर रेंज मिळते ती फक्त देवळामागच्या चढावर.

सरकारने लोकांच्या दारापर्यंत जायचा प्रयत्न केलेला नाही असं नाही. २०१८ मध्ये पोस्ट पेमेंट्स बँक आली, पोस्टमन घरी यंत्र घेऊन पैसे देऊ लागला. आमच्या भागात पुष्कळांना त्याचा उपयोग होतो. पण ते यंत्रही तेव्हा अंगठाच मागत होतं. २०२० पासून पंचायतीत स्वयंपूर्ण मित्र म्हणून नेमलेले सरकारी अधिकारी येतात, योजनांची माहिती देतात. आजींच्या पंचायतीतही येत होते. पंचायत घर वाड्यापासून पाच किलोमीटर, मधल्या वेळेत बस नाही. आजींना ते येतात हेच माहीत नव्हतं.

चौथी फेरी

या वेळी मी बरोबर गेले आणि आधी फक्त कागद मांडले. मला एक शंका होती : आधारवर सासरचं नाव आहे, मतदार कार्डावर तेच, रेशन कार्डावर तेच. मग चुकीची नोंद कुठली? एकट्या पासबुकाची. बदलायचं होतं ते खात्यावरचं नाव, आधारला हात लावायची गरजच नव्हती. एका वाक्यात चुकीचं दार दाखवलं गेलं आणि त्यापायी एक अख्खी फेरी गेली, म्हाताऱ्या माणसाची दहा बोटं यंत्राखाली गेली. ज्या मुलीने ते सांगितलं तिच्यामागे त्या वेळी वीस माणसं रांगेत होती, हेही मी पाहिलेलं आहे. तिला दोष देऊन काही साधत नाही. मात्र एवढ्या गर्दीच्या जागी कागद पाहून योग्य दार सांगणारं एक माणूस बसवलेलं नाही, याचा मला राग आहे.

दोन नावं एकाच बाईची, याचा पुरावा कुठून आणायचा? इथे गोव्याचा जुना कायदा कामाला आला. पोर्तुगीज काळापासून आपल्याकडे लग्नाची दिवाणी नोंदणी होते आणि मुक्तीनंतरही ती चालू राहिली. आजींचं लग्न १९७१ चं. त्यांच्या सासऱ्यांनी नोंद केली होती. त्या नोंदीत माहेरचं नाव, आईवडील, नवऱ्याचं नाव, सगळं एका जागी मिळालं. नोंदीचा उतारा मिळाल्यावर बँकेतल्या एका अधिकाऱ्याने शांतपणे सगळे कागद पाहिले, आजींकडून एक प्रतिज्ञापत्र मागितलं, नाव बदललं, केवायसी पूर्ण केली आणि हयातीचा दाखलाही तिथेच स्वीकारला. वेळ लागला चाळीस मिनिटं. दीडची बस मिळाली.

चवथ त्याआधीच होऊन गेली होती. गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी कांगलां, तोरिंगं ही फळं रानातून आणली, ती काही विकत घ्यावी लागत नाहीत. किराणा उधारीवर आला. आजींना बोचलं ते वेगळंच : माहेरी आलेल्या लेकीच्या हातावर काही ठेवता आलं नाही. दोन हजारांतून त्या दर महिन्याला शंभर रुपये त्यासाठी बाजूला काढत असत.

वाड्यावर काय केलं

आजींचं काम झाल्यावर सून म्हणाली, “बाई, आमच्या वाड्यावर असे आणखी आहेत.” घरोघर फिरलो तेव्हा सत्तर वर्षांपुढची अकरा माणसं निघाली. तिघांचे पैसे बंद, त्यातल्या दोघांना ते माहीतच नव्हतं. एक आजोबा दोन वर्षं अंथरुणावर.

अकरा जणांना चार-चार फेऱ्या मारायला लावायच्या का? तेव्हा मी रिझर्व्ह बँकेचं एक परिपत्रक शोधून काढलं. ते ९ नोव्हेंबर २०१७ चं आहे. सत्तर वर्षांवरच्या आणि अपंग किंवा आजारी ग्राहकांना रोख रक्कम पोचवणं, केवायसीचे कागद घेणं, हयातीचा दाखला घेणं या सोयी त्यांच्या घरी देण्यासाठी बँकांनी झटून प्रयत्न करावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. एवढी मोलाची गोष्ट इतकी वर्षं कागदावर आहे आणि मला, रोज अर्ज भरणाऱ्या बाईला, ती ठाऊक नव्हती. त्या बसस्थानकावरच्या बाकाची आठवण येऊन मला त्या रात्री झोप लागली नाही.

आम्ही बँकेला साधं पत्र दिलं. अकरा जणांची यादी, वय, खात्याचे शेवटचे चार आकडे, परिपत्रकाची तारीख. ‘सगळ्यांना एका दिवशी देवळाच्या सभामंडपात आणून बसवतो, तुमचं एक माणूस पाठवा,’ एवढंच लिहिलं. उत्तर यायला तीन आठवडे गेले, पण माणूस आला. तोच शांत अधिकारी. सातेरीच्या देवळाच्या सभामंडपात चटई, दोन खुर्च्या आणि एक टेबल, बाजूला नात फोन घेऊन देवळामागच्या चढावर उभी, ओटीपी आला की ओरडून सांगायला. दुपारी एकपर्यंत दहा जणांचं काम झालं. कागद कुणाचे अपुरे पडू नयेत म्हणून आम्ही आदल्या रविवारी सगळे तपासून घेतले होते. काम झालं ते त्या रविवारमुळे, असं माझं मत आहे.

सेवा अशी चालत दारात येऊ शकते, हे सत्तरीने आधीही पाहिलं आहे. २०१५ मध्ये पाली गावात माकडताप निघाला. गोव्याला तो रोग नवीन होता, काजूच्या हंगामातच गोचिड्यांमार्फत पसरत होता, माणसं गेली. तेव्हा आरोग्य कर्मचारी वाड्यावाड्यावर फिरले, लस दिली, रानात जाणाऱ्यांना अंगाला लावायचं तेल वाटलं. माझ्या शाळेच्या व्हरांड्यात बसून त्यांनी लस टोचलेली मी पाहिली आहे. कुणी त्यांना ‘वाळपईला या’ म्हटलं नव्हतं.

आता तिठ्यावरच्या दुकानाच्या भिंतीवर एक फळा आहे. नातीने लिहिला. कुठल्या कामाला कुठली कचेरी, ती कधी उघडते, बरोबर कुठले कागद, आणि सर्वांत वर बसच्या वेळा. हयातीच्या दाखल्याचा महिना लाल खडूने. दोन नावं असलेल्या बायकांची वेगळी वही केली आहे, चौघींच्या लग्नाच्या नोंदी मागवल्या आहेत. दोघींच्या नोंदीच सापडत नाहीत. त्यांच्यासाठी नावबदलाच्या कायद्याने जावं लागेल, तो रस्ता लांबचा आहे.

आजींचे पैसे ऑक्टोबरपासून येतात. बंद काळातल्या पैशांसाठी वेगळा अर्ज दिला आहे, तो अजून चालू आहे. साकवाच्या कठड्यासाठी पंचायतीला दिलेलं निवेदनही तसंच.

अकरावे म्हणजे ते अंथरुणावरचे आजोबा. सभामंडपात त्यांना आणता आलं नाही. अधिकारी व्हाळ ओलांडून त्यांच्या घरी गेला. अंगठा उमटला नाही आणि मोतीबिंदूमुळे बुबुळंही यंत्राने घेतली नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी व्हायला हवं. त्यासाठी त्यांना खाली रस्त्यापर्यंत खुर्चीवरून उचलून आणायचं आहे, चार माणसं लागतील. आजींच्या मुलाला साप्ताहिक सुट्टी रविवारी असते आणि दवाखाना सोमवारी, म्हणून त्याने सोमवारची रजा टाकली आहे. बाकी तिघे वाड्यावरचेच आहेत.